दोन तास पुढचं बघणारी पेटी

कारखान्याच्या नियंत्रण कक्षात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पंपवाले, बॉयलरवाले, इतकंच काय, उपाहारगृहाचा आचारी फरीदसुद्धा हातातली पळी न ठेवता आलेला. पडद्यावर तेल उकळणाऱ्या मनोऱ्याच्या तापमानाची रेघ सरकत होती. आणि जिथं अजून काही घडलंच नव्हतं, तिथंही ती ठिपक्याठिपक्यांनी दोन तास पुढं गेली होती!

"पेटी भविष्य बघते, मंडळी, आणि त्याप्रमाणे भट्टीही स्वतःच चालवते!" अल्जिअर्सहून आलेला विक्रेता कोट सावरत, पडद्याखालच्या नव्या पेटीवर थाप मारत म्हणाला. "दुखण्याआधीच औषध!"

"माझ्या पोरीचं लग्न कधी ते विचारा की तिला," फरीद म्हणाला.

विक्रेता गेला आणि पेटीचा पुजारी झाला बूझीद. पाळीप्रमुख, वीस वर्षं मनोरा सांभाळलेला. सीदी मर्झूग या पीराच्या कबरीवर मेणबत्ती लावली म्हणून यानंच आपल्या आईला भर जेवणात सुनावलं होतं. आता हेच महाशय ठिपक्यांची रेघ तासातासाला छापून भिंतीवर डकवत. आठची रेघ नवाच्या रेघेशी जुळत नाही, हे दिसत होतं की! "भविष्य जरा घोटीव होतंय," असं त्यांनी ठोकून दिलं, आणि स्वतःलाच ते पटलं. अक्कल गहाण टाकायला पदवी लागत नाही.

गुरुवारी उनीसा आली. तापमापक, दाबमापक दुरुस्त करणारी. बूझीदच्या वारलेल्या मित्राची मुलगी.

"काका, मनोऱ्यावरचा तापमापक बदलते. तोवर पेटी बंद ठेवा, भट्टी हातानं चालवा."

बूझीद हो म्हणाला. ती शिडी चढली, आणि याचा हात काही बटणाकडे जाईना. पेटीला सगळं आधीच ठाऊक, मग तापमापक हवा कशाला? त्यानं तापमापकाचा शेवटचा आकडा पेटीत तसाच धरून ठेवला: दोनशे बारा अंश. हवे होते दोनशे चौदा.

वीस मिनिटांत चौदा होईल, ठिपके म्हणाले. वीस मिनिटांनी म्हणाले, आणखी वीस मिनिटांत. बूझीद पुदिन्याचा चहा पीत बसला.

"काका!" वॉकीटॉकी किंचाळला. "इथली सुरक्षा झडप फुरफुरतेय!"

"घाबरू नकोस गं, रेघ अगदी सरळ..."

"चुलीत घाला ती रेघ! दाबाचा काटा बघा!"

काटा भिंतीवर होता. त्याच्यावर डकवलेलं होतं भविष्य. बूझीदनं कागद टराटरा फाडले. काटा लाल पट्ट्यात! त्यानं पेटी बंद केली, भट्टीचा गॅस तोडला. "उतर, पोरी, उतर!" काटा हलेपर्यंत त्याच्या तोंडून "या सीदी मर्झूग!" किती वेळा निघालं, ते त्याचं त्यालाच माहीत.

उनीसा घामानं निथळत आत आली.

"मारलं असतं गं मी तुला."

"मारलं असतं," ती म्हणाली. "आता ऐका. पेटी भविष्य बघत नाही, अंदाज बांधते. भट्टी एवढी वाढवली तर मनोरा एवढा तापेल, हे गणित तिच्याकडे आहे. बेत दोन तासांचा आखते, पाऊल मात्र एकच टाकते. मग तापमापकाकडे बघते, किती चुकलं ते पाहते, जुना बेत फेकते, नवा आखते. दर मिनिटाला!"

"म्हणून रेघा जुळत नव्हत्या."

"तुम्ही आकडा धरून ठेवलात. तिला वाटलं, मनोरा तापतच नाही. वाढवत राहिली भट्टी. माझी आई कुसकुसचं ताट घेऊन जिना चढते ना? चार पायऱ्या पुढं बघते, चढते एकच. तिचे डोळे बांधून बघा एकदा!"

दुसऱ्या दिवशी फरीद डोकावला. भिंतीवर उघड्या काट्याशेजारी एकच कागद होता. त्यावर ठिपक्यांची रेघ, आणि तिच्यावर लाल पेनानं काढलेली दुसरी, वर वर चढत गेलेली.

"हे काय, बूझीद?"

"ठिपके मी मानलेले. लाल ते झालेलं, दाबाच्या नोंदीवरून काढलेलं. या दोहोंत किती अंतर पडलं, हे रोज मोजत जा. कुठल्याही पेटीपुढं, कुठल्याही कबरीपुढं. मी चाळीस मिनिटं मोजलं नाही, आणि वर उनीसा होती."