पालकाची सही

शनिवारी दुपारी अडीच वाजता डॉक्टर खोलीबाहेर आले, त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि वेल्डरला कळायचं ते कळलं. बाकावर त्याची मुलगी बसली होती. चौदा वर्षांची, अंगात संघाचा निळा टी-शर्ट, दोन्ही गुडघ्यांना पॅड. चारला व्हॉलीबॉलची उपांत्य फेरी होती आणि आईला भेटून ती तशीच मैदानावर जाणार होती. ती गेली नाही. पॅड तिने संध्याकाळी काढले, तेही मावशीने सांगितल्यावर.

संघाने तिच्याशिवाय कसाबसा सामना जिंकला. अंतिम सामना दोन आठवड्यांनी, रविवारी होता.

त्याच्या आधीच्या सोमवारी क्रीडा संघटनेचा लिफाफा आला. वर नाव बायकोचं. वेल्डरने तो उघडायच्या आधी बराच वेळ नुसता हातात धरला. आत लिहिलं होतं की आपली पाल्य पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहिली, सबब नियम नऊप्रमाणे तीन सामन्यांची बंदी का घालू नये याचा खुलासा आपण द्यावा, किंवा सोबतच्या छापील माफीपत्रावर सही करावी.

कारकुनाची तशी चूक नव्हती. मुलीच्या कार्डावर पालक म्हणून जे नाव होतं, ते त्याने टाइप केलं.

आणि कार्डावर ते नाव का होतं, हे वेल्डरइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बायको घरी शिवणकाम करायची आणि अकरा वर्षं संघटनेच्या शिस्त समितीवर होती. पोरी तिला मागे ‘शिट्टी’ म्हणायच्या. नियमपुस्तिकेतले बावीसच्या बावीस नियम तिनेच लिहिलेले. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी वेल्डरने मैदानावर फोन केला की पोरीला ताप आहे, आणि पोरीला घेऊन तो नदीवर पोहायला गेला. बायको तेव्हा बहिणीकडे होती. संध्याकाळी परतल्यावर तिने मुलीचं तोंड वर करून पाहिलं.

“तापाने नाक सोलतं वाटतं?”

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळं बाहेर पडलं. पुढच्याच आठवड्यात तिने नियम नऊ नव्याने लिहिला. फोन चालणार नाही. गैरहजेरीचा पिवळा फॉर्म सामन्याच्या दोन तास आधी द्यायचा, त्यावर कार्डावरच्याच पालकाची सही, आणि कार्डावर एकच पालक. घरच्या कार्डावर तिने स्वतःचं नाव घातलं.

“मला काढलंस?” त्याने विचारलं होतं.

“तुम्हाला कुणी काढलं? फक्त सहीपुरतं बाजूला बसवलंय,” ती म्हणाली होती, आणि दोरा दाताने तोडला होता.

मंगळवारी काम अर्धं टाकून तो कार्यालयात गेला. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, माणूस वाईट नव्हता. भांडण टाळायला तो कागद पुढे करायचा एवढंच.

“अहो, लिफाफ्यावरच्या नावाबद्दल माफ करा. कार्यालयाचा गाढवपणा. पण आता कागद निघालाय. तुम्ही माफीपत्रावर सही करून टाका, पोरगी रविवारी खेळेल. विषय संपला.”

वेल्डरने कागद वाचला. “‘योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल.’ यातले पहिले दोन शब्द खोडतो.”

“खाडाखोड चालत नाही हो. वहिनींचाच नियम.”

“मग सही नाही.”

“हट्ट कशाला करताय? दोन ओळी तर आहेत.”

“पोरीची आई गेली हे योग्य कारण नव्हतं, असं मी लिहून देऊ?”

“असं कोण म्हणतंय!”

“हा कागद म्हणतोय. आणि तुम्ही मला त्याच्याखाली सही मागताय.”

घरी येऊन त्याने मुलीला सगळं सांगितलं. खेळायचं तिला होतं, त्याला नव्हे. वर्षभर ती पहाटे उठून भिंतीवर चेंडू मारत आली होती, शेजारच्या काकूंच्या शिव्या खात.

“तुला खेळायचं असेल तर बोल. मी डोळे मिटून सही करतो.”

“तू डोळे मिटलेस तरी कागदावर उमटेलच ना, बाबा.”

मग ती उठली, आईच्या शिलाई मशीनच्या खणातून तिच्याच अक्षरातली नियमपुस्तिका काढून आणली आणि जेवणाचं ताट बाजूला सारून वाचत बसली. नियम पंधरावर तिने बोट ठेवलं. पालकाने मागितली तर सुनावणी मैदानावर, खेळाडूंसमोर घ्यावी. नोटीस मोठ्याने वाचावी. जिच्या नावे नोटीस आहे तिला तीनदा हाक मारावी. हजर नसल्यास सुनावणी पुढे ढकलावी.

“आणि सोळा बघ,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात इतक्या दिवसांत पहिल्यांदा धार होती.

अकरा वर्षांत अशी सुनावणी कुणी मागितली नव्हती. वेल्डरने मागितली.

शुक्रवारी पाच वाजता नेटच्या खांबाजवळ अध्यक्षांची खुर्ची मांडली. खांब वेल्डरनेच जोडलेले होते. पोरी जमिनीवर मांड्या घालून बसल्या, त्यांचे प्रशिक्षक सर हाताची घडी घालून मागे उभे. अध्यक्ष म्हणाले, “आपण थोडक्यात आटपू. मजकूर सगळ्यांना ठाऊक आहेच.”

“नाही,” वेल्डर म्हणाला. “मोठ्याने वाचा. नावापासून.”

अध्यक्षांनी कागद धरला. नाव वाचलं आणि थांबले. पुढचं घाईघाईत उरकलं.

“आता हाक मारा.”

“अहो, काय हे...”

“तीनदा. नियम आहे. तुम्ही तिचेच नियम मला दाखवताय, तर सगळे पाळा. हा नऊ नंबर माझ्या खोटेपणामुळे झाला, ते मी इथे सगळ्यांसमोर कबूल करतो. तापाचा फोन मी केला होता. त्याची माफी आत्ता मागतो, हात जोडून. पण त्या शनिवारची मागणार नाही. तिथून पोरगी उठून आली असती, तर त्याची माफी मागितली असती. मारा हाक.”

अध्यक्षांनी कागदाच्या चार घड्या केल्या.

“सुनावणी पुढे ढकलली,” ते म्हणाले, खाली बघत. “निर्णय नंतर कार्यालयात घेऊ. तोपर्यंत रविवारी ती...”

“सोळा!” मुलगी उभी राहिली. “‘निर्णय लागेपर्यंत कुठल्याही खेळाडूला मैदानाबाहेर ठेवता येणार नाही.’ आईचं अक्षर आहे, सर. दाखवू?”

सरांनी पुस्तिका घेतली, वाचली आणि अध्यक्षांकडे न बघता म्हणाले, “काय बसलात सगळ्या? उठा. सर्व्हिसला लागा.”

रविवारी ती पाचही सेट खेळली. संघ शेवटच्या सेटमध्ये दोन गुणांनी हरला. ती घरी येईपर्यंत एकाच गोष्टीवर चरफडत होती, की तेराव्या गुणाला तिचा हात नेटला लागला, नाहीतर बघितलं असतं.

सुनावणीची पुढची तारीख अजून लागलेली नाही. माफीपत्र वेल्डरच्या हत्यारांच्या पेटीत सहीविनाच पडलंय. शेजारी मुलीचं कार्डही आहे. नवा हंगाम सुरू व्हायच्या आत त्यावर पालकाचं नाव बदलून द्यायचंय. सरांनी दोनदा आठवण केली. वेल्डरने ते अजून बदललेलं नाही.