वरच्या हॉलची किल्ली

आमच्या युवा केंद्रात दरवर्षी मोठ्यांचं प्रशिक्षण असतं. मुलांबरोबर काम कसं करायचं हे आम्हाला शिकवायला कोणीतरी बाई येतात, फळ्यावर मोठा गोल काढतात आणि त्याचे चार भाग करतात: करा, मागे वळून बघा, अर्थ लावा, वापरा. तिसऱ्या भागापर्यंत जेवणाची वेळ होते. चौथा म्हणे ज्याने त्याने आपापल्या कामात करायचा. तो कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि इथले कार्यक्रम मीच सांभाळते.

यंदा मात्र माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी चहा पिताना भाचीने सुनावलं होतं, "मावशी, हॉलची किल्ली आज मिळाली तर मिळाली. नाहीतर उद्या आम्ही स्पर्धेतून नाव मागे घेतोय. आणि मग केंद्रात यायचं तरी कशाला?"

तिचा नाचाचा गट दोन महिने पार्किंगमध्ये सराव करत होता. सिमेंटवर गुडघे फुटले, गाडीवाल्यांच्या शिव्या खाऊन झाल्या, आणि लाकडी जमिनीचा, आरशांचा वरचा हॉल कुलपात चकाचक. साहेब, म्हणजे आमचे संचालक, दर वेळी "बघू" म्हणायचे. तो निरोप पोचवायला मी. भाचीच्या लेखी मीच कुलूप होते.

"आज मोठ्यांनी मुलं व्हायचं," बाई म्हणाल्या. "काहीतरी मागायचं. अनुभव घ्यायचा." त्यांनी साहेबांना मुलगा केलं आणि मला साहेब. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मागू काय?" साहेबांनी विचारलं.

"वरच्या हॉलची किल्ली मागा," मी म्हटलं.

खेळ खरा वाटावा म्हणून बाईंनी खरी किल्लीच माझ्याकडे द्यायला लावली. खिशातून ती काढताना साहेबांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला.

मग ते बाहेर जाऊन दारावर टकटक करून डोकावले. "थांबा जरा," मी म्हटलं आणि मोबाइल बघत बसले. मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. ते अवघडून उभे. बऱ्याच वेळाने आत घेतलं.

"किल्ली हवी होती. सरावाला."

"जबाबदार कोण?"

"मी."

"तू? तुझं वय काय?"

साहेब निवृत्तीला टेकलेले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"आम्ही काही मोडणार नाही."

"आधी विश्वास कमवा. मग बघू."

"कमवायचा कसा? आत तर येऊ देत नाही."

"उलट बोलायचं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

एकेक वाक्य त्यांचंच होतं. साहेबांचे कान लाल झाले. "हा काय मूर्खपणा आहे," म्हणत ते उठले आणि दार आपटून गेले. खेळात की खरंच, हे त्यांनाही कळलं नसावं.

ते परत आल्यावर सगळे गोल करून बसलो. "काय वाटलं?" बाईंनी विचारलं.

"राग आला," साहेब म्हणाले. "फार."

बाई खूश. "मग यातून काय शिकलात?"

साहेब विचारात पडले.

"मुलांना खूप राग येतो," ते म्हणाले. "त्यांच्यासाठी राग आवरायचं शिबिर घेऊ."

टाळ्या पडल्या आणि जेवणाची सुट्टी झाली.

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण हातात किल्ली होती. ती परत मागायचं कोणाला सुचलंच नव्हतं. "चौथा भाग विसरू नका हं," बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या.

हे नोकरीवर बेतू शकतं, हे मला ठाऊक होतं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी पार्किंगमध्ये गेले आणि किल्ली भाचीपुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

"अट काय?"

"निघताना दिवे बंद करा."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, किल्ली घेतली आणि सगळी पोरं धडधडत जिना चढून गेली.

आमची जेवणं उरकतायत तोच छत दणाणू लागलं. साहेबांनी खिसे चाचपले, मग माझ्याकडे पाहिलं. मी ताट विसळत राहिले. ते तणतणत वर निघाले, त्यांच्यामागे मी. हॉलचं दार आतून बंद होतं. त्यांनी टकटक केली.

"थांबा जरा," आतून भाचीचा आवाज आला. गाणं चालूच राहिलं.

साहेबांनी पुन्हा मूठ उगारली.

"राग येतोय?" मी विचारलं.

"फार," ते म्हणाले. मूठ तशीच हवेत होती. मग ती हळूहळू खाली आली, आणि साहेब थांबले.