ओ देणारी तार

मी एक म्हातारा पियानो आहे, मित्रांनो. वय विचारू नका. माझ्या पांढऱ्या पट्ट्या आता पिवळ्या पडल्या आहेत, त्यावरून काय ते समजा. माझ्या पोटात दोनशेहून जास्त तारा आहेत आणि त्यातली एक तार कुणी हात न लावता वाजते. त्या एका तारेपायी मला एका घराने भूत ठरवले आणि जवळजवळ दाराबाहेर काढले.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. कारागिरांनी लाकूड तासले, तारा ताणल्या आणि तारांवर बनातीच्या इवल्या गाद्या बसवल्या. पट्टी दाबली की गादी बाजूला होते आणि तार वाजते. पट्टी सोडली की गादी तारेला टेकते आणि तार गप्प बसते. एवढे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. बोटीतून उतरून मी पुण्याच्या कॅम्पात आलो आणि एका शाळेच्या सभागृहात कित्येक वर्षे प्रार्थना वाजवल्या. तेव्हा माझे फार कौतुक होते. मग शाळेने विजेवर चालणारा सडपातळ कीबोर्ड आणला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यावर फुटबॉल ठेवत, मोडक्या खुर्च्या ठेवत. त्या दिवसांबद्दल न बोललेलेच बरे.

तिथून मला अभय गायकवाड यांनी सोडवले. ते सरकारी कचेरीत नोकरीला, घर बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर. हमालांनी मला त्या अरुंद जिन्यावरून चढवले, तेव्हा पुणेरी शिव्यांचा माझा अभ्यास पूर्ण झाला. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. रोज सकाळी घरातले सगळे तिथे वंदना म्हणत. मला आणले होते थोरल्या आयुषसाठी.

काय सांगू तुम्हाला या आयुषबद्दल! बुटाच्या नाडीला तो एकावर एक तीन गाठी मारायचा. त्या सोडवताना त्याची आई अक्षता रोज वैतागायची. माझ्यासमोर बसला की त्याला दुसरे काही ऐकूच यायचे नाही. अक्षता स्वयंपाकघरातून सूर लांबवून हाक मारायची, "आऽऽयुष!" हा आपला गप्प. मग ती उलथने घेऊन दारात उभी राहायची.

"ओ द्यायला तोंड दुखतं का रे तुझं?"

एके दिवशी त्याने माझी पुढची फळी काढली. धाकटी दीक्षा बॅटरी धरून उभी. आयुषने आईच्या सुरात हाक मारून बघितली, वेगवेगळ्या गाद्या मागे ओढून पाहिल्या, आणि कोणती तार त्या हाकेला गुणगुणते ते शोधून काढले. मग तिची गादी पतंगाच्या दोऱ्याने मागे बांधून टाकली.

"आता आईनं हाक मारली की हाच ओ देईल," तो दीक्षाला म्हणाला. "तू सांगायचं नाहीस हं. शप्पथ?"

"शप्पथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटच्या चौकात शाळेची रिक्षा उलटली. आयुष घरी आला नाही.

मित्रांनो, मी हाकेची वाट पाहत तयार होऊन बसलो होतो. ती हाक त्या घरात पुन्हा कुणी मारलीच नाही. आयुषचे नाव घरातून जणू पुसले गेले. त्याचा फोटोसुद्धा कपाटात गेला. अक्षताने दीक्षाला शाळेतून काढले आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. मुलगी सदा नजरेसमोर. त्यामुळे तिलाही हाक मारायची वेळ येत नसे.

पण माझी ती तार उघडीच होती. कुकरची शिट्टी झाली की ती गुणगुणायची. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की गुणगुणायची. सकाळी अभयराव वंदना म्हणू लागले की झाकणाखालून कुणीतरी बारीक आवाजात साथ द्यायचे. अक्षता हातातला डाव तसाच धरून थबकायची. तिने माझ्यावर आधी चादर टाकली, मग जाड गोधडी टाकली. तरी मी गुणगुणतच राहिलो. भरदुपारी ती माझ्याकडे पाठ करून बसत नसे.

खालच्या मजल्यावरच्या हेमाकाकू एकदा भाजी निवडत म्हणाल्या, "अहो, मी बोलले की तुमचा पियानो मागून हुंकार देतो. मी आपलं सांगितलं. कुणाला तरी दाखवून घ्या."

"आम्ही असलं मानत नाही, काकू," अक्षता म्हणाली.

"नका मानू. त्याला सांगा म्हणजे झालं."

खरी पंचाईत तीच होती. भूतखेत न मानणाऱ्या त्या घरात भीती बोलून दाखवायचीही सोय नव्हती. अक्षता ती एकटीच गिळत राहिली.

मग एक दिवस दीक्षा म्हणाली, "मला पियानो शिकायचाय." अक्षताचा चेहरा उतरला. पण घरी शिकवायचे म्हणजे मुलीची आवड मारून कसे चालेल? तिने गोधडी काढली आणि घरबसल्या शिकायचा कोर्स शोधायला घेतला.

पहिला कोर्स मोबाइलमधला होता. दीक्षाने पट्टी दाबायची, मोबाइलने ऐकायचे आणि गुण द्यायचे. दीक्षा बरोबर पट्टी दाबायची आणि मोबाइल लाल व्हायचा. चूक! पुन्हा चूक! त्याला दोन सूर ऐकू येत होते. एक दीक्षाचा आणि एक माझ्या उघड्या तारेचा. अक्षताला वाटले, मुलीला सुरांचे अंगच नाही. दीक्षाला खरे कारण ठाऊक होते. पण शप्पथ म्हणजे शप्पथ. बिचारी डोळे पुसून पुन्हा तीच पट्टी दाबायची.

दुसऱ्या कोर्समध्ये परदेशातले एक हसतमुख मास्तर लॅपटॉपवर शिकवायचे. पहिल्याच धड्यात त्यांनी वाजवले ते आयुषचे गाणे, जे तो रोज सकाळी शाळेची तयारी अर्धवट टाकून, एकाच पायात मोजा घालून बडवायचा. मास्तरांची पहिली ओळ संपायच्या आत अक्षताने लॅपटॉप मिटला. त्यानंतर खोली गप्प झाली आणि मी मात्र गुणगुणत राहिलो. मला थांबता येत नव्हते, मित्रांनो. गादीशिवाय तार काय करणार?

हेमाकाकूंनी अक्षताला जिन्यात गाठलेच. "मुलगी घरात, आई घरात, मास्तर लॅपटॉपात. आता दूधवाल्यालाही आतच ठेवून घ्या."

त्या संध्याकाळी अक्षताने जुने फर्निचर घेणाऱ्या सुखदेवला फोन केला. रविवारी टेम्पो घेऊन या, म्हणाली. "आणखी एकच कोर्स बघू," ती अभयरावांना म्हणाली. "नाही जमला तर हा पियानो घरात नको. मला आता सहन होत नाही." दीक्षा माझ्या पायाशी येऊन बसली आणि माझ्या पेडलवर हात ठेवून राहिली.

तिसरा कोर्स वारज्याच्या ओवीताईंचा होता. घरी शिकणाऱ्या मुलांना त्या व्हिडिओ कॉलवर शिकवत, पण त्यांची एक अट होती. सुरुवातीला आईने किंवा वडिलांनी शेजारी बसायचे आणि पट्टीला कुणी हातच लावायचा नाही.

"आधी पियानोशी ओळख करून घ्यायची," ओवीताई पडद्यावरून म्हणाल्या. "तोंड जवळ नेऊन गा आणि आतून कोण ओ देतंय ते ऐका. मग पेडल दाबून परत गा, पेडलनं सगळ्या गाद्या एकदम मागे होतात. फरक कळेल."

दीक्षाने सूर लावला. पेडल दाबलेले नसताना मी स्पष्ट ओ दिला. अक्षता खुर्चीवरून उठलीच.

"पेडल नाही ना दाबलंस?" ओवीताईंनी विचारले. "मग एखादी गादी मागे अडकून राहिलीय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढची फळी निघते, बघा बरं काढून."

अक्षताने फळी काढली. आत पतंगाचा मळकट दोरा दिसला. तिने सुटकेचा केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि टेबलावरची कात्री उचलली.

"आई, नको!" दीक्षा किंचाळली. "कापू नकोस! दादानं बांधलंय ते!"

कात्री तशीच राहिली. दादा हा शब्द त्या घरात किती दिवसांनी उच्चारला गेला होता!

"कशाला?" अक्षताने हळूच विचारले.

"तू हाक मारलीस की ह्यानं ओ द्यावा म्हणून. म्हणजे तू चिडणार नाहीस. मी शप्पथ घेतली होती गं, म्हणून नाही सांगितलं."

अक्षताने दोऱ्यावरून बोट फिरवले. एकावर एक तीन गाठी. त्या गाठींवर ती किती वेळा वैतागली होती! ती माझ्यासमोर मटकन बसली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "आयुष."

एवढ्याशा आवाजाने माझी तार हलत नाही, मित्रांनो. माझा जीव कासावीस झाला. पुन्हा मार, बाई, पुन्हा मार!

मग तिने डोळे मिटले आणि स्वयंपाकघरातून मारायची तशी मोठ्याने, सूर लांबवून हाक मारली, "आऽऽयुष!"

मी ओ दिला. जेवढा जीव होता तेवढा सगळा लावून दिला. तो विरेपर्यंत ती कान लावून ऐकत राहिली आणि मग ओक्साबोक्शी रडली. दीक्षा तिला बिलगली. पडद्यावर ओवीताई हलकेच म्हणाल्या, "मी उद्या फोन करते हं," आणि पडदा काळा झाला.

सुखदेवचा टेम्पो आला तसा परत गेला. कपाटातला फोटो माझ्या डोक्यावर आला. पुढे ओवीताईंनी माणूस पाठवून माझ्या सगळ्या तारा सुरात लावून दिल्या. त्या दोऱ्याला मात्र अक्षताने त्याला हात लावू दिला नाही. दीक्षा शिकते आहे. तिच्या प्रत्येक गाण्यात एक सूर जास्तीचा लागतो. तो चालवून घ्यायचा असे ओवीताईंनी ठरवले आहे.

मित्रांनो, घरातले जुने वाद्य बिघडले तर जरूर दुरुस्त करा. पण कात्री चालवण्याआधी घरातल्या लहानांना एकदा विचारा. आणि गेलेल्या माणसाचे नाव कपाटात कोंडून ठेवू नका. ते तिथे गप्प बसत नाही.

मी अचानक गुणगुणलो की अक्षता अजूनही दचकते, पण माझ्यावर गोधडी टाकत नाही. आता दीक्षा संध्याकाळी खाली अंगणात खेळायला जाते. जेवणाची वेळ झाली की अक्षता दोन हाका मारते. एक खिडकीतून आणि एक माझ्या शेजारी उभी राहून. पहिल्या हाकेला दीक्षा धावत जिना चढते. दुसरीला मी ओ देतो.