खरं बोलून मिळवलेलं टायर

वाटाण्याची तोडणी संपली आणि त्याच दिवशी होलिस टॅकेटच्या जुन्या फोर्डचं टायर फाटलं. जर्दाळूच्या बागा खिंडीपलीकडे. सोमवारी पोचेल त्याला काम, मंगळवारी येईल त्याला नुसती धूळ. नव्या टायरशिवाय खिंड अशक्य.

तेवढ्यात शहरातून एक कादंबरीकार मजुरांच्या तळावर आला. त्यांच्या हालांवर जाडजूड पुस्तक लिहीत होता. त्याच्या गाडीमागे एक जादा टायर. होलिसनं गुपचूप वीत लावून पाहिली. मापाचं!

"बाबा, एक खरीखुरी गोष्ट सांगा, टायर तुमचं," लेखक म्हणाला. "खोटं मात्र एक अक्षर चालणार नाही."

होलिसला घामच फुटला. तळावरचा एक नंबरचा थापाड्या तो! त्यानं "ऊन पडलंय" म्हटलं तरी लोक तंबूबाहेर डोकावून खात्री करून घेत.

"ओक्लाहोमाहून निघालो," तो चाचरत म्हणाला, "आणि सगळे डोंगर उलटे चढलो. गाडीची पाठ पुढं, आमची तोंडं घराकडं. सासूला वाटायचं, परत चाललोय. चढावर गाणी म्हणायची, उतारावर मला शिव्या."

लेखकानं वही मिटली. "तुमच्याबद्दल ऐकलंय मी, बाबा."

"जन्मात एकदा खरं बोललास," बायको ओझेला कपडे पिळता पिळता ओरडली, "तेही असलं, मेल्या?"

"बसा गाडीत, साहेब!" होलिस लेखकाला म्हणाला.

फाटक्या टायरमध्ये गवत कोंबलेलं, टाकीत पेट्रोल चार घोट. इंजिनाचा आवाज ऐकताच सासू, झेरेल्डा म्हातारी, पुढच्या सीटवर चढून बसलीसुद्धा. होलिसनं जवळच्या टेकडीवर गाडी सरळ घातली. निम्म्यावर इंजिनानं मान टाकली.

"टाकी सीटखाली आहे. पेट्रोल कमी असलं की चढावर इंजिनापर्यंत पोचत नाही. आता बघा."

गाडी खाली आणून वळवली, रिव्हर्स टाकला. फोर्ड भुर्रकन वर! म्हातारी हात हलवत गाऊ लागली. माथ्यावर गाडी पुन्हा सरळ केली आणि उतार लागला तशी तिनं होलिसच्या सात पिढ्या काढल्या.

लेखकानं गाडीमागचं टायर सोडवून होलिसच्या हवाली केलं.

"काय थाप मारलीस रे, होलिस?" तळावर सगळ्यांनी घेरलं.

"खरं सांगितलं."

लोक पोट धरधरून हसले. असली भारी थाप त्यानंही आजवर मारली नव्हती.

रविवारी खिंडीच्या चढावर फोर्ड उलटी चालली होती. काचेआडून म्हातारी तळाकडे बघून हात हलवत होती, घरी निघाल्यासारखी.