ओके पीस

गोरक्ष चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता आणि क्वालिटी म्हणजे काय, हे त्याला ऑडिटने शिकवलं होतं. ऑडिटर आला की लाइनवरचा पीस दाखवायचा नसतो. कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेला ओके पीस काढायचा आणि ‘आत्ताच मशीनवरून उतरलाय साहेब’ म्हणून पुढे करायचा. ऑडिटर खूश, मॅनेजर खूश, गोरक्षही खूश. लाइनवर खरं काय निघतंय, हे कळल्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं.

त्यामुळे पिंपरीच्या एका हॉस्पिटलातल्या डॉक्टर स्वरूपा कामगारांच्या किडनीचा अभ्यास करायला कंपनीत आल्या आणि प्रत्येकाच्या हातात बाटली देऊन ‘उद्या सकाळची पहिली लघवी आणा’ म्हणाल्या, तेव्हा गोरक्षला ते ऑडिटच वाटलं. रिपोर्ट कंपनीला कळणार नाही, असं मॅडमनी बजावून सांगितलं. पण या कंपनीत जे कुणाला कळणार नसतं, ते आधी कँटीनला कळतं. गोरक्षला शुगर होती आणि ती त्याने आजवर मोठ्या निगुतीने लपवली होती. रिपोर्ट खराब आला तर येऊ घातलेली सुपरवायझरची खुर्ची हातची गेली, हे त्याने बाटलीचं झाकण उघडायच्या आधीच ठरवून टाकलं.

घरात ओके पीस तयारच होता. त्याची बायको, वर्षाराणी. म्हशी तिच्याकडे, सासू तिच्याकडे, शिवाय गावात खोल्या करून राहणाऱ्या कामगारांची मेस तिच्याकडे. दिवसभर शेगडीपुढे उभी. बाई कधी आजारी म्हणून पडली नाही, कारण पडायला तिला कुणी सवड दिली नव्हती. गुडघे दुखायचे तेवढे. त्यावर मेडिकलवाला रोजची गोळी द्यायचा. गोरक्षच्या हिशेबी ते दुखणं नव्हतंच.

सकाळी त्याने बाटली पुढे केली. “एवढी भरून दे.”

“दूध?”

“न्हाई गं.” त्याने कानात सांगितलं.

वर्षाराणीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “भाकऱ्या मी थापायच्या, म्हशी मी धुवायच्या, तुमच्या आईचं मी करायचं. आता तुमच्या वाटणीचं मुतायचं बी मीच व्हय?”

“हळू बोल की, आई ऐकंल.”

तिने बाटली भरून आणून दिली. संसारातलं एवढंच काम काय ते नवऱ्याकडे उरलं होतं, तेही तिने उरकलं.

काही आठवड्यांनी गोरक्षला हॉस्पिटलातून बोलावणं आलं. शाबासकी असणार अशा खात्रीने तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. डॉक्टर स्वरूपांनी मात्र त्याला बसवून घेतलं.

“आपल्या पेशींमध्ये वीजघरं असतात, मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना. किडनीतली वीजघरं मोडायला लागली की त्यांचे तुकडे लघवीत उतरतात. रक्ताचा रिपोर्ट बिघडायच्या आधीच ते दिसू शकतात. ही चाचणी अजून संशोधनातली आहे, एवढ्यावर आजार ठरवता येत नाही. पण तुमच्या नमुन्यात त्यांचं प्रमाण फार आहे. अंगदुखीच्या गोळ्या घेता का? रोज?”

“छ्या! मी न्हाई घेत,” गोरक्ष ऐटीत म्हणाला. आणि मग मिठाच्या बरणीमागे ठेवलेली वर्षाराणीच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी त्याच्या डोळ्यांपुढे आली. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं, हा नापास पीस आपला असता तर किती बरं झालं असतं.

“घाबरू नका, बहुतेक वेळेवर सापडलंय,” मॅडम म्हणाल्या. “उद्या रक्त द्यायला या.”

घरी जाताना मोशीच्या सिग्नलला त्याच्यातला क्वालिटीवाला जागा झाला. उद्या आपलं रक्त द्यावं. रक्तात त्या किडनीच बघणार, शुगर नव्हे. किडनी निर्दोष ठरली तर मॅडम म्हणतील, पहिल्या वेळी काहीतरी चुकलं असेल. खुर्ची शाबूत, अब्रू शाबूत. घरच्या लाइनवर मात्र वर्षाराणीच्या गोळ्या चालूच राहतील. या विचाराची त्याला स्वतःलाच किळस आली.

घरात शिरला तेव्हा वर्षाराणी गोळी तोंडात टाकून चहाचा कप उचलत होती.

“थुक ती!” तो ओरडला.

ती इतकी दचकली, की गोळी खरंच बाहेर पडली. “याड लागलं का काय तुमाला?”

तो तिथेच, शेगडीशेजारी खाली बसला आणि भडाभडा सगळं बोलला. बोलता बोलता रडला. तिने ऐकून घेतलं.

“म्हंजी नापास मी झाले,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जरीकाठाची साडी नेसून डॉक्टरांसमोर बसली, गोरक्ष मागे उभा. “मॅडम, ती लघवी माझी न्हवती. हिची हाय,” तो खालमानेने म्हणाला. मॅडमनी एक रिकामी बाटली त्याच्या हातात दिली आणि खुर्ची वर्षाराणीच्या जवळ ओढली.

“ताई, याआधी तुमची कधी काही तपासणी झालीय?”

वर्षाराणीने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं.

“झालीया की,” ती म्हणाली. “ह्यांच्या नावावर.”