मी अल्काच्या मेंदूतली तंतुकणिका

मित्रांनो, मी एक जुनी तंतुकणिका आहे, जिला इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती. अल्काच्या मेंदूतील एका पेशीत राहते. सूक्ष्मदर्शकाशिवाय मी कोणाला दिसत नाही. पण माझ्यासारख्या असंख्य बहिणींच्या बळावरच माणूस चालतो, बोलतो, विचार करतो. आमचा वंश आईकडून लेकराकडे येतो. अल्कालाही आम्ही तिच्या आईकडूनच मिळालो.

साखरेचा अंश आणि ऑक्सिजन घेऊन शक्ती तयार करायची, हे माझे काम. ते करताना काही दाहक कण उडतात, पेशी ते निपटून टाकते. अल्का बोदलकसा तलावाचे मासे तिरोड्याच्या बाजारात विकायची, गिऱ्हाइकांशी हसत हुज्जत घालायची, तेव्हा मी भरभरून राबले.

मग एका हिवाळ्यात तिचे मन विझत गेले. झोप उडाली, जेवण सुटले. माझ्याकडून शक्ती कमी निघू लागली. दाहक कण साचले आणि माझेच आवरण पोळू लागले. आधी तिचे मन खचले की आधी मी थकले, हे शास्त्रज्ञांनाही अजून नीट उलगडलेले नाही. मलाही सांगता येत नाही.

सासू भागीरथाबाई मात्र म्हणाल्या, "दिवसभर काऊन पडून राहिली वं? आळस भरला काय अंगात?"

अल्काने भिंतीकडे तोंड फिरवले. "आळस नाही जी, आत्याबाई. हात उचलाले जोरच नाही. जगावंसंच वाटत नाही मले."

भागीरथाबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. त्या तिच्याजवळ बसल्या. "असं बोलू नको, पोरी. मीच चुकली. चाल, दवाखान्यात जाऊ. मी आहो ना तुयासंग."

डॉक्टरीणबाईंनी सारे शांतपणे ऐकले. "हा आजार आहे," त्या म्हणाल्या, "आणि यावर उपचार आहेत."

औषध सुरू झाले. समुपदेशकाशी बोलणे सुरू झाले. नवरा रत्नपाल रोज तिच्यासोबत तलावाच्या पाळीवर फिरायला जाऊ लागला. फरक लगेच पडला नाही. कित्येक सकाळी ती अर्ध्या वाटेतूनच परतली. पण हळूहळू झोप लागू लागली, तशी मीही सावरले.

परवा तिने स्वतःहून चूल पेटवली आणि रत्नपालला म्हणाली, "आज भूक लागली जी मले."

मित्रांनो, तुमच्या घरात असे कोणी थकले असेल तर टोमणे मारू नका. जवळ बसा, ऐका, दवाखान्यात न्या. आतून राबायला आम्ही तयार आहोत. बाहेरून तुमचा हात हवा.