ताईच्या नाकावरचे सात दिवस

"पाणी कढत असू दे, उकळतं नको. आणि ती मऊ झाली की गप्पा बंद."

मित्रांनो, हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मला कान नाहीत, ते सोडा. ऑपरेशनच्या खोलीतल्या नर्सबाईंचा तो आवाज, आणि त्या आवाजासरशी माझा जन्म झाला.

मी नाकावर बसवायची एक जुनी खपची आहे. दवाखान्यात मला स्प्लिंट म्हणतात. आधी मी पोस्टकार्डासारखी सपाट आणि ताठ होते. कढत पाण्यात पडले आणि सगळा ताठा उतरला. डॉक्टरीणबाईंनी मला ताईच्या नाकावर ठेवलं, दोन्ही बाजूंनी अलगद दाबलं, वरून पट्ट्या लावल्या. गार होता होता मी नाकाच्याच आकाराची होऊन बसले.

ताई म्हणजे पाव भाजणारी. लहानपणी झोक्यावरून पडून तिचं नाक वाकलं होतं. वयाबरोबर श्वास कोंडू लागला, तेव्हा कुठे ती ऑपरेशनला तयार झाली. धाकटा भाऊ पुढे गल्ल्यावर बसे, ती मागे भट्टीपाशी. पाव झाला की नाही हे ताई वासावरून ओळखते, अशी गल्लीभर ख्याती. ती भट्टी उघडणार आणि पाव बरोबर बदामी निघणार. म्हणजे मी बसले होते ती अख्ख्या दुकानाच्या नाकावर. मी सरकले असते तर खालचं हाड पुन्हा वाकडं जुळलं असतं.

दोन उशांवर उताणं झोपायचं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. मला भिजवायचं नाही, आगीजवळ न्यायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. ताईची तशी पहिली शिंक ऐकून शेजारच्या काकू लाटणं हातात घेऊनच धावत आल्या.

"काही नाही काकू," भाऊ म्हणाला, "ताईने भोंगा बसवून घेतलाय."

मग ताईकडे वळून म्हणाला, "आठवडाभर भट्टी माझी. तू त्यात नाक खुपसायचं नाहीस."

खाली हाडाला हाड भेटत होतं, सूज रोज तसूभर उतरत होती, आणि वर मी छत्रीसारखी उभी. तीन दिवस असे सुखात गेले.

चौथ्या दिवशी दुपारी ताई हळूच भट्टीपाशी गेली, दार उघडलं आणि चेहरा थेट भट्टीच्या तोंडाशी नेला. मित्रांनो, ज्या उबेने मला घडवलं तीच मला बिघडवू शकते. कपाळावर घाम फुटला, पट्ट्या सुटल्या, माझी वरची कड उचलली गेली. ताई घाबरली. समोर पावाच्या पुड्यांवर लावायच्या चिकटपट्ट्यांची गुंडाळी होती. तिने एक फाडली आणि माझ्यासकट कपाळावर डकवली.

भाऊ आत आला तर ताईच्या कपाळावर लिहिलेलं: 'आजच भाजलेला'.

त्याला हसू आलं नाही. "माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही का तुझा? पाव करपवतो का मी?"

ताईने भट्टीचं दार लावलं आणि ती तशीच दवाखान्यात निघाली.

दवाखान्यात नर्सबाई मात्र पोट धरून हसल्या. "बाई, किती तारखेपर्यंत चालाल ते नाही लिहिलं." मग डोळे पुसून दटावलं, "काहीही सुटलं, सैल झालं, तर हात लावायचा नाही. आहे तसं इथे यायचं." डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हाड जागच्या जागी होतं. माझा जीव भांड्यात पडला. नव्या पट्ट्या लागल्या.

सातव्या दिवशी त्यांनी मला ओलावून हलकेच सोडवलं. नाक सरळ होतं, जरा सुजलेलं. नव्या पेशंटांना दाखवायला म्हणून मला धुऊन टेबलावर ठेवलं, ती मी आजवर इथेच आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मला एवढंच सांगावंसं वाटतं: माझं काम सात दिवसांचं असतं, तेवढे दिवस मला शांतपणे करू द्या. घाई करून डोकावू नका, आणि आपल्या हाताने डागडुजी तर मुळीच करू नका.

त्या सातव्या दिवशी भाऊ बरोबर होता, पण अजून रुसलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वास मोकळा होईल. वास यायला मात्र काही आठवडे लागतील. धीर धरा."

ताईने हातातल्या रुमालाची दोनदा घडी केली, दोनदा उलगडली. मग भावाकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी तुझा पाव तपासायला नव्हते रे गेले. वास येतो का, ते बघायला गेले होते. दोन वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही. तू गल्ल्यावर बसल्या बसल्या श्वास ओढून मान वर करायचास ना, ते दारातून बघून मी भट्टी उघडायचे. दोन वर्षं पाव तूच भाजतोयस."